गोळीबंद पाक जमला की वॅक्स जमलं: साखर-लिंबाने हातापायांचे केस घरी काढताना

रव्याच्या लाडवांना एकतारी पाक लागतो, चिक्कीला पाण्यात टाकल्यावर कट्‌कन मोडणारा. या दोघांच्या मधे, गोळीबंद अवस्थेच्या आसपास, केस काढायचा पाक बसतो. इजिप्तमध्ये त्याला हलावा म्हणतात, तुर्कस्तानात आगदा. साहित्य मात्र सगळीकडे तेच: साखर, लिंबू, पाणी. ज्या घरात पाकाची तार ओळखणारं माणूस आहे, तिथे निम्मं काम झालेलंच असतं. उरलेलं निम्मं कातडी ताणून धरण्यात आणि पट्टी कुठल्या दिशेने ओढायची यात आहे. बहुतेकांचं बिघडतं ते तिथे.

आधी मसाल्याच्या डब्यातल्या उपायांचं बघू

बेसन, हळद आणि साय लावून चोळल्याने मेलेली त्वचा निघते आणि घर्षणाने थोडी बारीक लव तुटते. मुळाला काही होत नाही. तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने किंवा कणकेच्या गोळीने रोज चोळायची पद्धत आहे. ती लव पहिल्या काही महिन्यांत आपोआप गळणारीच असते. श्रेय पिठाला मिळतं आणि पुरळ बाळाला.

अंड्याचा पांढरा बलक आणि कॉर्नफ्लोअरचा लेप वाळवून सोलला तर दोन-चार मऊ केस निघतात, हातापायांचे जाड केस हलतही नाहीत. कच्च्या पपईचा चीक त्वचा सोलवटू शकतो. तुरटी आणि गुलाबपाणी लावल्याने केस ‘कायमचे’ जातात हे व्हिडिओंमध्ये कितीही वेळा सांगितलं तरी खरं नाही. तुरटी त्वचा आकसते, केसाच्या मुळापर्यंत तिची मजल जात नाही. खाण्याचा सोडा त्वचेच्या मूळच्या आम्ल पातळीच्या उलट वागतो, त्यामुळे आग होते आणि कोरडेपणा येतो.

चुना आणि हरताळ यांचा लेप हा जुना उपाय. त्याने केस खरोखर गळतात, पण हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग आणि चुना त्वचा भाजणारा. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर फासायला हरताळ वापरत, म्हणून तर ‘हरताळ फासणं’ हा वाक्प्रचार आला. त्याचा संबंध पोथीपुरताच ठेवावा.

म्हणजे स्वयंपाकघरातल्या जिनसांनी केस मुळापासून काढायचे तर ते ओढूनच निघतात. ओढायला चिकट काहीतरी लागतं, आणि त्यात साखरेच्या पाकाइतकं स्वस्त, पाण्याने धुऊन जाणारं दुसरं काही नाही.

कुणी हे करूच नये

मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलीनची क्रीम चालू असेल, तर जिथे ती लावता तिथे वॅक्स नको. त्या जागची वरची त्वचा पातळ आणि नाजूक झालेली असते आणि केसांबरोबर सालपट निघतं. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर बंद केल्यानंतरही सहा महिने थांबायचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. डॉक्टरांना विचारून ठरवा. गोरेपणासाठी म्हणून मेडिकलमधून परस्पर आणल्या जाणाऱ्या कितीतरी ट्यूबांमध्ये स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय त्या जागी पट्टी लावू नका.

उन्हाने भाजलेली त्वचा, इसब, जखम, उठून आलेला तीळ, फुगलेल्या निळ्या शिरा, यांवरही नको. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि पाळीचे पहिले दिवस दुखणं जास्त जाणवतं. तारीख पुढे ढकलता येत असेल तर ढकला.

केसांची लांबी

तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे ५–६ मिलिमीटर केस सगळ्यात सोपा निघतो. ३ मिलिमीटरपेक्षा आखूड केस पाकात धरला जात नाही. सव्वा सेंटिमीटरच्या पुढे गेला तर ओढताना उगाच दुखतो, म्हणून कात्रीने कमी करून घ्या. आधी वस्तरा फिरवत असाल तर शेवटचा वस्तरा फिरवल्यानंतर दोन ते तीन आठवडे थांबावं लागतं. मधे धीर सुटून पुन्हा वस्तरा फिरवला की मोजणी पहिल्यापासून.

पाक

दोन्ही हात आणि गुडघ्यांखालचे पाय एवढ्याला साधारण पुरेल असं माप:

साखर २०० ग्रॅम
लिंबाचा गाळलेला रस ३० मिलिलिटर (दोन मोठे चमचे)
पाणी ३० मिलिलिटर (दोन मोठे चमचे)

रस गाळूनच घ्या. गर राहिला तर तो जळून काळे ठिपके होतात. लिंबू इथे ‘त्वचा उजळायला’ नसतं. त्यातल्या आम्लाने साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि त्यामुळे थंड झाल्यावर पाकाची पुन्हा साखर होत नाही. लिंबू कमी पडलं तर पाक दाणेदार होतो, जास्त झालं तर तो सैल आणि हवेतलं पाणी ओढणारा होतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात पाक हाताला चिकटून राहतो त्यामागे लिंबाचा सढळ हातही असतो. त्या दिवसांत रस २५ मिलिलिटरच घ्या.

पांढरी साखरच वापरा. गुळात क्षार आणि मळी असते, तो गोळीबंद व्हायच्या आधीच करपायला लागतो. मध घालायचाच असेल तर एक लहान चमचा. तो पाकाला लवकर रंग आणतो आणि मग रंगावरून काही कळत नाही.

भांडं जाड बुडाचं आणि आतून स्टीलचं घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये पाकाचा रंग दिसत नाही. गॅसशेजारी गार पाण्याचा मोठा वाडगा भरून ठेवा, तो चाचणीलाही लागतो आणि बोट भाजलं तर बुडवायलाही.

तिन्ही जिन्नस एकत्र करून मंद आचेवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत हलवा, मग डाव बाजूला. उकळी आल्यावर ढवळत राहिलं तर कडेचे साखरेचे कण पाकात पडतात आणि एका कणाभोवती सगळा पाक साखरतो. कडेला कण दिसले तर ओल्या ब्रशने खाली उतरवा. उकळीनंतर मंद ते मध्यम आचेवर साधारण ८ ते १२ मिनिटं लागतात. भांडं पसरट असेल तर कमीच.

आधी मोठे, पाणचट बुडबुडे येतात आणि पटकन फुटतात. मग बुडबुडे लहान, दाट होतात, एकावर एक बसतात आणि फुटायला वेळ लावतात. रंग पाण्यासारख्यापासून फिकट पिवळा आणि मग पातळ मधासारखा होतो. इथून पुढे गॅस सोडून कुठेही जाऊ नका. दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब गार पाण्यात टाका आणि बोटांनी गोळा करा. थेंब पाण्यात विरला तर पाक कच्चा. मऊ गोळी होते पण पाण्याबाहेर काढताच बोटावर सपाट पडते, तो पट्टीने ओढायचा पाक. गोळी आकार धरते, दाबली की दबते, च्युइंगगमसारखी लागते, तो हाताने ओढायचा. गोळी टणक लागली तर पाक पुढे गेला. थर्मामीटर असेल तर पट्टीसाठी ११५ अंश सेल्सिअस आणि हातासाठी ११८ ते १२०.

फक्त रंगावर विसंबू नका. आच मोठी असेल तर पाक गोळीबंद व्हायच्या आधीच तांबूस होतो.

हवा तो बिंदू आला की गॅस बंद करून भांडं लगेच ओल्या फडक्यावर ठेवा, नाहीतर बुडाच्या उष्णतेने पाक आणखी पुढे जातो. मग स्टीलच्या डब्यात ओता. प्लॅस्टिकचा डबा वितळेल.

पाक फसला तर फेकू नका. सैल राहिला तर परत मंद आचेवर एक-दोन मिनिटं. टणक झाला तर एक लहान चमचा पाणी घालून हळूहळू वितळवा आणि पुन्हा चाचणी घ्या. साखरला तर दोन मोठे चमचे पाणी आणि एक लहान चमचा लिंबाचा रस घालून सगळे कण विरेपर्यंत तापवा, आणि मग पहिल्यापासून. करपलेल्या वासाचा, गडद तपकिरी पाक मात्र सुधारत नाही.

थंड होऊ द्या, खरंच

२०० ग्रॅमचा पाक कोमट व्हायला २५ ते ३५ मिनिटं लागतात. वरून गार वाटला तरी मध्यभागी तो भाजण्याइतका गरम असतो. उकळतं पाणी अंगावरून ओघळून जातं, पाक जागच्या जागी चिकटून भाजत राहतो. चमच्याने मधला भाग ढवळून मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. बाळाच्या दुधासारखा कोमट वाटला तर ठीक.

भाजलंच तर पाक उपटून काढू नका. भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. पाक पाण्यात आपोआप विरघळतो. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही नको. फोड मोठा असेल तर दवाखाना.

त्वचेची तयारी

आदल्या दिवशी ओल्या पंचाने हलकं चोळून आंघोळ करा. वॅक्सच्या दिवशी तेल, मॉइश्चरायझर, बॉडी लोशन काही नको. तेलकट त्वचेवर पाक घसरतो. साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा आणि चिमूटभर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर पसरा. पावडर घाम शोषते आणि पाक कातडीऐवजी केसाला धरतो. भाजणीच्या थापलेल्या पिठासारखा थर नको, जेमतेम दिसेल एवढी. पंखा लावून बसा. घाम आला की पाक सैल पडतो.

पहिल्यांदा करत असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आत दोन बोटांएवढ्या जागेवर करून बघा. चोवीस तासांत पुरळ किंवा सूज नाही आली तर पुढे जा.

आता केसांची दिशा बघा. उजेडात हात धरून नीट बघा, अंदाजाने नको. हातावर केस कोपराकडून मनगटाकडे जातात, पण बाहेरच्या बाजूला ते करंगळीकडे वळतात. नडगीवर खाली, पोटरीवर तिरपे. काखेत किमान दोन दिशा असतात: वरचे वर, खालचे खाली, मधे भोवरा. दिशा बदलली की पट्टीची दिशाही बदलते.

हाताने ओढायची पद्धत

लहान लिंबाएवढा गोळा घ्या आणि बोटांनी ताणून-दुमडून घ्या, रेवडीचा पाक ओढतात तसा. आठ-दहा वेळा ओढल्यावर पारदर्शक मधाळ रंग जाऊन तो अपारदर्शक, मोतिया सोनेरी होतो. आत हवा शिरलेली असते, गोळा मऊ होतो आणि काम करायला लागतो.

तीन बोटांनी हा गोळा केसांच्या उलट दिशेने, ५ ते ७ सेंटिमीटरच्या जागेवर दाबत पसरा. २–३ मिलिमीटर जाड, दोन-तीन वेळा फिरवून. शेवटी पकडायला थोडा ओठ सोडा. दुसऱ्या हाताने त्वचा घट्ट ताणा आणि केसांच्या दिशेने झटका द्या. हात कातडीला समांतर जायला हवा, छताकडे नाही. वर उचललं की केस मधेच तुटतो, कातडी वर ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी निळं दिसतं. झटका दिल्याबरोबर तळहाताने ती जागा दाबून धरा, दुखणं निम्म्यावर येतं.

तोच गोळा आठ-दहा वेळा चालतो. केसांनी भरला किंवा अंगाच्या उबेने सैल झाला की टाकून द्या.

पट्टीची पद्धत

हाताने ओढायची सवय नसेल तर आधी पट्टीच बरी. जुन्या जीन्सचे किंवा जाड सुती कापडाचे ५ बाय २० सेंटिमीटरचे तुकडे कापा. जुनी मऊ सुती साडी नको, ती ताणली जाते आणि झटका कापडातच जिरतो. इथे दिशा उलटी: कोमट पाक आइस्क्रीमच्या लाकडी काडीने किंवा लोण्याच्या सुरीने केसांच्या दिशेने अगदी पातळ पसरायचा, पट्टी ठेवून त्याच दिशेने तीन-चार वेळा घासायची, कातडी ताणायची आणि उलट दिशेने, कातडीला समांतर ओढायची. पट्टी एका झटक्यात यायला हवी. भीतीने हळूहळू सोलत गेलं तर दुखतं जास्त, निघतात कमी.

पाक जाड लागला तर पट्टी निघते आणि पाक अंगावर राहतो. त्यावर आणखी पाक लावू नका, पुन्हा तीच पट्टी दाबून ओढा.

दोन्ही पद्धतींत एका जागी दोनदाच. उरलेले चार केस चिमट्याने काढा. तिसऱ्यांदा ओढलं की केस नाही, त्वचा निघते. गुडघ्यावर पाय वाकवून, काखेत हात डोक्यामागे नेऊन, आणि काखेत एका वेळी दोन बोटांएवढीच जागा. तिथे केसाच्या मुळाशी रक्ताचे टिपके दिसले तर घाबरू नका. जाड केसांत ते होतं आणि लगेच थांबतं.

नंतर

कोमट पाण्याने धुवा, साबणाची गरज नसते. गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं दहा मिनिटं ठेवा. कोरफड लावायची असेल तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं धरा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, मग आतला गर. तो पिवळा चीकच खाज आणतो. कच्चं लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, त्याने काळे डाग पडतात.

चोवीस तास गरम पाण्याची आंघोळ, व्यायाम, पोहणं, घट्ट लेगिंग, डिओडोरंट नको. खोबरेल तेलही पहिल्या दिवशी टाळा. उघड्या छिद्रांवर जाड तेलाचा थर बसला की पुटकुळ्या येतात. लाल ठिपके काही तासांत, फार तर दोन दिवसांत जातात. पांढऱ्या तोंडाचे फोड आले, दुखायला लागले किंवा वाढत गेले तर तो जंतुसंसर्ग, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तीन दिवसांनंतर आठवड्यातून दोनदा ओल्या पंचाने गोल चोळा. उटणं खरं उपयोगी पडतं ते इथे: केस वर यायची वाट मोकळी ठेवायला. आत वळलेला केस सुईने कोरून काढू नका, आपल्या सावळ्या त्वचेवर त्या जागचा डाग महिनोन्‌महिने राहतो.

पहिल्यांदा केल्यावर पंधरा दिवसांतच काही केस दिसायला लागतात आणि ‘घरचं टिकत नाही’ असं वाटतं. ते नवे केस काढलेल्यांतले नसतात. सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत, काही तेव्हा त्वचेच्या आतच होते. दर चार-पाच आठवड्यांनी तीन-चारदा केलं की बरेचसे केस एका चालीत येतात आणि मधला काळ मोकळा मिळतो.

चेहऱ्यावर हा पाक शक्यतो नकोच. वरच्या ओठासाठी थ्रेडिंग बरं. हनुवटीवर, छातीवर किंवा बेंबीखाली जाड काळे केस नव्याने यायला लागले आणि पाळी पस्तीस दिवसांच्या पुढे जात असेल, तर पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी लांबणारा अंडाशयाचा विकार) आहे का हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. केस काढले तरी कारण तसंच राहतं.

उरलेला पाक

न वापरलेला पाक घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे राहतो. वापरलेला परत डब्यात टाकू नका, आणि एकीचा गोळा दुसरीला नको. पुन्हा तापवायला डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये मधला भाग उकळतो आणि कडा गार राहतात, त्यातच बोटं भाजतात. पट्ट्या गरम पाण्यात भिजवल्या की पाक सुटतो. ते पाणी गाळूनच मोरीत ओता, नाहीतर केस जाळीत अडकतात. डबा मात्र परातीत पाणी घालून त्यात ठेवा. झाकण कितीही घट्ट असलं तरी मुंग्यांना पत्ता सापडतोच.